दूरचं पाणी



मुंबईत धोबीतलाव आहे, सी. पी. टँक आहे, गोवालिया टँक आहे. पण ह्यातल्या एकाही ठिकाणी आज तळं नाही. तळी बुजली, नावं बसच्या पाट्यांवर उरली. ह्या शहराला पाणी कसं मिळत गेलं त्याचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा ह्या नावांपासूनच सुरुवात करावी असं वाटलं.

नळ येण्याआधीची मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. बरीच तळी दानशूर मंडळींनी खोदून दिलेली. भिस्ती पखालीतून पाणी घरोघर पोचवायचे. वस्ती वाढली तशी टंचाई जाणवू लागली. १८४५ च्या सुमारास लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला समिती नेमावी लागली. पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८५६ साल उजाडलं, तेही १८५४ च्या अपुऱ्या पावसाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवल्यानंतर! हेन्री कॉनिबेअर ह्या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे साष्टीत, मिठी नदीच्या उगमाकडे विहार तलाव बांधला गेला. १८६० मध्ये तो पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं.

मास्तर असल्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. विहारचं पाणी सुरुवातीला दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर होतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती भरली ८ लाख १६ हजार. म्हणजे माणशी जेमतेम ३९ लिटर, दोन-अडीच बादल्या. तलाव होऊन चार वर्षं झाली नाहीत तोच पुढच्या पाण्याची काळजी आलीच! मग विहारची उंची वाढवली. १८७९ मध्ये तुळशी झाला, १८९१ मध्ये पवई झाला, आणि १८९२ मध्ये थेट शंभरेक किलोमीटरवरच्या तानसाचं पाणी आलं.

तानसाबद्दल मात्र त्या अभियंत्यांना हात जोडावेसे वाटतात. जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण, आणि तिथून पाणी मुंबईपर्यंत येतं ते निव्वळ उताराने. पंप नाही, इंजिन नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी ते धरण आपलं काम करतंच आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. पवईचं पाणी पुढे पिण्याच्या उपयोगाचंही राहिलं नाही, तानसा मात्र टिकला.

पण ह्याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. १९११ मध्ये डॉ. बेंटले ह्यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. विहिरींमध्ये डास वाढतात, म्हणून विहिरी झाका नाहीतर बुजवा, असा आग्रह सुरू झाला. धार्मिक कारणासाठी विहिरीचंच पाणी लागणाऱ्या लोकांनी विरोधही केला. त्यांच्या श्रद्धेमुळे काही विहिरी वाचल्या. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची, ती आजही आहे. आरोग्याच्या दृष्टीने तेव्हाचा तो आग्रह चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मलेरियाने माणसं मरत होती. पण त्याचा एक परिणाम असा झाला की शहर आपल्या पायाखालचं पाणी विसरलं. पाणी म्हणजे लांबून नळाने येतं ते, एवढंच डोक्यात राहिलं.

पुढचा मोठा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक ह्यांनी १९४८ मध्ये अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर ह्यांच्यासोबत बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला होता. वैतरणेवरचं धरण १९५७ मध्ये पुरं झालं, त्याच्या जलाशयाला मोडकांचंच नाव आहे, मोडक सागर. त्यानंतर अप्पर वैतरणा, मग भातसा. आज मुंबईच्या सातही तलावांची मिळून साठवण साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास आहे आणि त्यातली निम्मी एकट्या भातसाची. ज्या विहार-तुळशीपासून सुरुवात झाली, ते दोन्ही मिळून जेमतेम अडीच टक्के!

आमचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. नळ पहाटे चारला यायचा. आई आणि शेजारच्या काकू पदर खोचून हंडे-कळशा घेऊन रांगेत असायच्या. पिंप भरलं की दिवस सुरू. नंतर मी स्वतः चौथीच्या मुलांकडून तलावांची नावं पाठ करून घेतली. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा... मुलं सुरात म्हणायची. ह्या तलावांच्या काठी कोण राहतं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. तानसा, भातसा, मोडक सागर हे बहुतेक सगळे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याच्या आसपासचे. तिथे पाऊस धो धो पडतो, पण खडक काळा, उतार तीव्र, पाणी जमिनीत न मुरता वाहून जातं. जे अडवलं आहे त्यातलं बरंचसं शहराकडे जातं. म्हणून उन्हाळ्यात ह्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपण म्हणतो ते इथे अक्षरशः खरं आहे. आणि पुढची गंमत ऐका. शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांसाठी योजना आखली गेली ती नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची! म्हणजे शहापूरचं पाणी मुंबईला आणि इगतपुरीचं पाणी शहापूरला. प्रत्येकजण पलीकडच्याकडे हात पसरतो आहे.

१९९४ मध्ये माधवराव चितळे ह्यांच्या समितीने २०२१ पर्यंतचा विचार करून मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे तीन प्रकल्प सुचवले. त्यांतलं मध्य वैतरणा २०१४ मध्ये कार्यान्वित झालं. २०२१ साल उलटलं तेव्हा बाकीची दोन कागदावरच होती. गारगाईसाठी तानसा अभयारण्यातलं जंगल आणि काही गावं पाण्याखाली जाणार, म्हणून तो प्रश्न अवघड. २०२४ च्या जूनमध्ये तलाव आटले आणि मुंबईत दहा टक्के कपात झाली, तेव्हा नेहमीप्रमाणे सगळे पुन्हा आकाशाकडे बघू लागले.

मला वाटतं, आपल्या योजनाकारांना दूरदृष्टी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. दृष्टी होती, पण ती नेहमी एकाच दिशेने गेली, नळाच्या वरच्या टोकाकडे. खालच्या टोकाला काय होतं हे कमी पाहिलं गेलं. आणलेल्या पाण्यातलं चौथाईहून अधिक पाणी गळती आणि चोरीत जातं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मुंबईवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि समुद्रात जातो. नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची सक्ती २००२ पासून आहे, पण त्या टाक्यांची नंतर किती सोसायट्या देखभाल करतात, हे ज्याने-त्याने आपल्या आवारात बघावं.

आणि पाणी शहरात आलं तरी ते सगळ्यांना मिळतंच असं नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यात राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही. १८४५ च्या तक्रारींपासून इतक्या वर्षांनी हे कोर्टाला सांगावं लागलं!

यापुढे कुठलीही पाणीयोजना वाचताना मी दोन प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. हे पाणी आत्ता कोण पितं आहे? आणि आपल्याकडे आहे ते आपण आधी सांभाळलं का? असो. तुमच्या गावात, वाड्यात, आजोळी एखादी विहीर होती का, आणि तिचं पुढे काय झालं? आठवत असेल तर जरूर लिहा. ह्या गोष्टी सांगणारे आम्ही म्हातारे काही कायम असणार नाही.