जुन्या जीपगाडीची रास्त किंमत



या व्यासपीठावरून विद्वान मंडळींनी संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर बोलावे, आणि आम्ही मात्र जुनी जीपगाडी किती रुपयांना घ्यावी हा विषय घेऊन उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि खाणकामगारांच्या बैठकांतून झाले. तथापि आमची एक समजूत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि त्याच रानड्यांनी 1892 साली हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. व्यापार, भांडवल, शेतकऱ्याचे कर्ज हे विषय त्यांना कधी हलके वाटले नाहीत. तेव्हा बाजारात वस्तूची किंमत रास्त आहे की नाही हे कोण आणि कसे ठरवतो, हा प्रश्न येथे विचारण्यास हरकत नसावी. जीपगाडी हे केवळ निमित्त आहे. पण ते निमित्त आम्हांस फार महाग पडले, म्हणून तेच घेतो.

गोष्ट 1997 सालची. आमच्या दगडखाण कामगार संघटनेला गाडीची गरज पडली. खाणी डोंगराच्या पोटात, पावसाळ्यात एस.टी. फाट्यावर सोडी आणि पुढे दोन कोस चिखल. सुरुंगाच्या कामात माणूस जखमी झाला तर त्याला झोळीतून खाली आणावे लागे. चारही चाकांना ओढ असलेली गाडीच तेथे चढणार होती. 620 सभासदांनी प्रत्येकी 100 रुपये दिले. त्या काळी खाणीवरच्या माणसाला शंभराची नोट दोन दिवस घाम गाळल्यावाचून दिसत नसे. 62,000 रुपये रुमालात बांधून आम्ही तिघे तालुक्याच्या गावी गेलो आणि हिरव्या रंगाची एक जीप घेऊन आलो. रंग ताजा होता, टपाचे कापड नवे होते, एंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. आम्ही घासाघीस करून तीन हजार कमी केले होते, त्याचाच आनंद मोठा!

पहिल्या पावसात गाडी खाणीच्या चढावर जागच्या जागी फिरू लागली. पुढची चाके ढिम्म. एका जुन्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, पुढचा शाफ्टच नाही. कुणीतरी काढून विकलाय. ही चार चाकांची नाही, दोन चाकांचीच गाडी तुम्ही घेतलीत.” आत लावलेल्या दांड्या शोभेच्या होत्या. शाफ्ट, जॉइंट आणि सडलेला पत्रा यांवर पुढे 18,000 रुपये गेले. पैशापेक्षा लाज अधिक वाटली. मालकाशी मजुरीच्या पैशापैशासाठी भांडणारे आम्ही, आणि मजुरांचा पैसा देताना गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. त्या दिवसापासून या गाडीचा इतिहास आम्ही हाती लागेल तेथून वाचू लागलो.

तो इतिहास 1940 सालापासून सुरू होतो. युरोपात युद्ध पेटले होते. त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकन सैन्याने 135 कारखानदारांकडे हलक्या, चारही चाकांच्या गाडीची मागणी पाठवली आणि नमुना 49 दिवसांत मागितला. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहानशा, मोडकळीस आलेल्या कंपनीने ते आव्हान घेतले. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडे केले, आणि 23 सप्टेंबर रोजी नमुना सैन्याच्या तळावर हजर झाला. पण मोठ्या प्रमाणावर पुरवठा करण्याची ऐपत बँटमपाशी नव्हती. तिचे आराखडे सैन्याने विलिस आणि फोर्ड या थोरल्या कंपन्यांना पाहू दिले. 1941 च्या जुलैत 16,000 गाड्यांचे मोठे कंत्राट विलिसला मिळाले. एका गाडीची किंमत साडेसातशे डॉलरच्या आत. मूळ गाडी ज्यांच्या हातांनी घडली त्यांच्या वाट्याला ट्रेलर बनवण्याचे काम आले. कामगार चळवळीतल्या माणसाला ही कथा अनोळखी नाही.

युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांची किंमत आता काय? येथूनच जुन्या जीपच्या बाजाराचा जन्म झाला. अमेरिकेत एक दंतकथा पसरली, की पेटीत बांधलेली कोरी जीप सरकार 50 डॉलरला विकते. मासिकांतून जाहिराती येत. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती सरकारी लिलावांचे पत्ते दिलेली एक पुस्तिका पडे. पेटीतली जीप काही येत नसे. फिलिपाइन्समध्ये निराळे घडले. तेथे सैन्याने मागे टाकलेल्या गाड्या लोकांनी घेतल्या, लांब केल्या, बाके बसवली आणि त्यांतून जीपनी ही प्रवासी गाडी उभी राहिली. एकाच मालाचे एकीकडे आमिष झाले, दुसरीकडे पोट भरण्याचे साधन झाले. फरक इतकाच, की मनिलाचा कारागीर गाडी डोळ्यांपुढे ठेवून, नटबोल्ट चाचपून घेत होता. आणि जाहिरात वाचणारा न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे पाठवत होता.

आता आपल्या देशाकडे येऊ. 1945 साली लुधियान्यात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. 1947 साली तिने विलिस जीपचे काम हाती घेतले. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. परदेशातून सुटे भाग यावेत आणि मुंबईत माझगावला कामगारांनी ते जोडावेत, असा तो आरंभ होता.

परंतु काश्मीरच्या युद्धाला तेवढा धीर नव्हता. सैन्याला गाड्या तातडीने हव्या होत्या. 1948 साली लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे 80 लाख रुपयांचा करार केला. माल कोणता? दुरुस्त करून दिलेल्या जुन्या जीपगाड्या! रकमेचा बराचसा भाग आधीच दिला गेला. प्रत्यक्षात आल्या त्या 155, आणि त्याही उपयोगाच्या नाहीत अशी ओरड झाली. लोकसभेत वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले. अखेर 1955 च्या सप्टेंबरात गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले, आणि 1956 साली मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. त्यांच्या हेतूचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस त्यातून एवढेच दिसते, की घाई असली, माल डोळ्यांआड असला आणि पैसे आधी दिले, की देशाच्या सरकारची गत आमच्या रुमालातल्या बासष्ट हजारांसारखीच होते.

पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि जीप खेडोपाडी पोचली. गावाच्या वेशीत धुरळा उठला की ‘साहेब आले’ हे पोरांना न सांगता कळे. सैन्यासाठी जबलपूरच्या सरकारी कारखान्यात जोंगा तयार होई. ती 1999 साली बंद झाली. 1985 च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. या साऱ्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या की लिलावात जात, लिलावातून गॅरेजात, गॅरेजातून वडापवाल्याच्या हाती. प्रत्येक हस्तांतरात एक थर रंगाचा चढे आणि एक थर माहितीचा गळे. पाचव्या मालकाला रंग पूर्ण मिळे, माहिती काहीच मिळत नसे.

याच गोष्टीचे शास्त्र एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडले आहे. जॉर्ज ॲकरलॉफ हे त्यांचे नाव. 1967-68 साली ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. 1970 साली त्यांचा लेख छापून आला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. विषय जुन्या मोटारींचा बाजार! त्यांचे म्हणणे सोप्या भाषेत असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीने मधली किंमत सांगतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला ती परवडत नाही. तो गाडी बाजारातून काढून घेतो. मागे वाईट गाड्या उरतात, किंमत आणखी उतरते, आणि होता होता बाजारच बुडू शकतो. तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे वेचणारी आपल्याकडील गृहिणी आणि खेड्यातला सावकार हे दाखलेही त्या लेखात आहेत. 2001 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन संपादकांना जे क्षुल्लक वाटले, ते आमच्या आईला सूप हातात घेताना रोज दिसत होते.

तर मग रास्त किंमत म्हणजे काय? ती कमी किंमत नव्हे. तीन हजार कमी करून आम्ही फसलोच होतो. जे विकणाऱ्याला ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक झाल्यावर दोघे जिच्यावर राजी होतील, ती रास्त किंमत. आणि ते ठाऊक करून घेण्याचे मार्ग आहेत. गाडी सकाळी, एंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारावे. रंगाकडे नव्हे, गाडीखाली पाहावे: चॅसीला कोठे वेल्डिंग आहे, पाटे बसले आहेत काय, पुढचा शाफ्ट जागेवर आहे काय. चारही चाकांची ओढ मऊ मातीत लावून पाहावी. डांबरी रस्त्यावर ती लावू नये, दात्यांवर ताण येतो. चारही टायर एका मापाचे असावेत. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडावा. पंधरा वर्षांनंतर पासिंग नव्याने करून घ्यावे लागते. ते झाले आहे काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हे आरटीओत पाहावे. सैन्याच्या लिलावातली म्हणून सांगितली तर लिलावाचे कागद मागावेत. दुरुस्तीचा अंदाज मिस्त्रीकडून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करावा. सर्वांत मुख्य म्हणजे एकट्याने जाऊ नये.

हे सारे शिकून 2006 साली आम्ही दुसरी गाडी घ्यायला निघालो. या वेळी तेच मिस्त्री आमच्याबरोबर होते. शेजारच्या तालुक्यात एका वडापचालकाच्या मागे त्याची जीप दारात उभी होती. त्याच्या पत्नीने 70,000 रुपये सांगितले. मिस्त्री अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर आले, हात पुसले आणि आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, त्याने गाडी पोरासारखी ठेवलीय. एक लाखाच्या खाली मिळणार नाही अशी. पटकन पैसे मोजा.”

बंधुभगिनींनो, नऊ वर्षांपूर्वी आम्ही जेथे उभे होतो तेथे आता ती बाई उभी होती, आणि माहिती आमच्या बाजूला होती. आमच्या सोबतच्या एका कार्यकर्त्याने विचारले, “पैसा सभासदांचा आहे. तीस हजार वाचवणे हेच आपले कर्तव्य नाही काय?” प्रश्न खोटा नव्हता, त्या रकमेत दोन जखमींचा औषधोपचार झाला असता. त्याच ओटीवर बसून आम्ही तासभर वाद घातला. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, “शाफ्टवाल्यानेही असाच हिशेब केला असेल.” मग कोणी बोलले नाही.

आम्ही तिला म्हटले, “वहिनी, तुमच्या गाडीला लाखाचा भाव आहे. आमच्याजवळ नव्वद आहेत. दुसरे गिऱ्हाईक पाहायचे तर अवश्य पाहा.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांच्या माघारी चार जण येऊन गेले भाऊ, कुणी हे सांगितलं नाही. नव्वदला न्या. पण एक आहे, चढावर दुसरा गिअर सुटतो, हाताने धरावा लागतो.” मिस्त्रींना अर्ध्या तासात जे सापडले नव्हते ते तिने आपण होऊन सांगितले. वारसाचे कागद आरटीओत आम्हीच करून दिले. सभासदांच्या बैठकीत सगळा हिशेब मांडला. दोघांनी आम्हांस भोळे म्हटले. ते कामकाजाच्या वहीत लिहिलेले आहे.

ती गाडी खाणीवर अकरा वर्षे चढली. दुसरा गिअर आम्ही अखेरपर्यंत हाताने धरत होतो.

आम्ही मजुरीच्या वाटाघाटीला बसतो तेव्हा मालकाला दगडाचा बाजारभाव ठाऊक असतो, मजुराला नसतो. संघटनेचे निम्मे काम घोषणांचे नसून तो भाव विचारून येण्याचे असते. मात्र भाव कळल्यावर आपण काय करतो, हे संघटनेच्या घटनेत लिहिलेले नसते. ते त्या ओटीवर ठरते.