गंज जावा, माप राहावं

१९०८ साली लंडनजवळच्या ब्रुकलँड्सला रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक मोटारी पार सुट्या केल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले, त्यांतले ८९ बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातले नवे घातले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करायला सांगितलं. हाताशी फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर होते. गाड्या जुळल्या, ५०० मैल धावल्या आणि कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. कानशीने घासून भाग बसवण्याची गरज संपली होती, कारण प्रत्येक भाग मापातच कातलेला होता.

जुन्या गाडीचा गंज काढणाऱ्याला सांभाळायचं असतं ते हेच माप. चॅसीवर वाळूचा मारा चालतो. क्रँकशाफ्टच्या जर्नलवर किंवा व्हॉल्व्हच्या दांड्यावर मात्र मिलिमीटरचा शंभरावा भागही हिशेबात येतो, आणि एमरी पेपर गंजाबरोबर तोही खरवडून नेतो.

पत्रे आणि तारा बनवणारे कारखाने गंज आणि पापुद्रा काढायला आम्ल वापरत. आम्ल गंज विरघळवतं, पण तिथे थांबत नाही. खालचं लोखंडही खातं. शिवाय आणखी एक घात करतं. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे दाखवलं, की तीव्र आम्लात थोडा वेळ बुडवलेलं लोखंड ठिसूळ होतं आणि तुटलेला भाग ओला केला की त्यातून बुडबुडे येतात. लोखंडात शिरलेला तो हायड्रोजन होता. काही काळाने ठिसूळपणा ओसरतो, हेही त्यांनी नोंदवलं. कडक पोलादाच्या स्प्रिंग आम्लात टाकू नयेत, या आजच्या नियमामागे हेच कारण आहे.

त्याआधीच, १८७२ साली, इटलीत मारांगोनी आणि स्टेफानेली यांनी आम्लाला लगाम घातला होता, तोही सरस, जिलेटिन आणि कोंड्याच्या अर्काने! असे सेंद्रिय पदार्थ उघड्या धातूला चिकटतात आणि आम्लाचा हल्ला मंदावतो. गंज मात्र विरघळत राहतो. या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल.

आजही मोटारींचे हौशी लोक मळीत भाग भिजत घालतात. आपल्याकडे साखर कारखान्यांतून निघते तीच मळी, साधारण नऊ-दहा पट पाण्यात मिसळून. काम आठवडे चालतं. मळीतले घटक गंजातल्या लोहाला धरून ठेवतात आणि द्रावणात ओढून घेतात. ॲल्युमिनियमचा कार्बोरेटर मात्र तिच्यात टाकू नये, तो खराब होतो.

दुसरी वाट संग्रहालयांतून आली. बर्लिनच्या राजसंग्रहालयांची रासायनिक प्रयोगशाळा १८८८ साली फ्रीडरिश राथगेन यांच्या हाती आली. पुराणवस्तूंच्या जतनावरच्या त्यांच्या १८९८ च्या पुस्तकात विजेने आणि जस्त-कॉस्टिक सोड्याने गंज उतरवण्याच्या पद्धती आहेत. विजेच्या पद्धतीत भाग ऋण टोकाला जोडून सोड्याच्या द्रावणात ठेवतात. गंज सैल होतो आणि धातू शाबूत राहतो. १८६२ च्या अखेरीस बुडालेल्या 'मॉनिटर' या अमेरिकी युद्धनौकेचं वाफेचं इंजिन २००१ साली वर काढलं, तेव्हा न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात त्यावरही हीच पद्धत वापरली गेली. घरी करताना धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि खोली हवेशीर हवी, कारण यात निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

गंजाने पडलेले खड्डे यांपैकी कशानेच भरत नाहीत. तेव्हा जर्नल ग्राइंडिंगला देतात, सहसा पाव मिलिमीटर उतरवतात आणि तेवढं जाड बेअरिंग बसवतात.