शेअरवेअर, भागीदारी आणि स्वातंत्र्य : इड सॉफ्टवेअर या संगणक-खेळ कंपनीची वाटचाल (१९९० ते २००९)

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात गिरणी, रेल्वे, बँक यांना जे स्थान मिळाले ते सॉफ्टवेअर निर्माण करणाऱ्या छोट्या कंपन्यांना अद्याप मिळालेले नाही. संगणकावरील खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांकडे तर केवळ करमणुकीचा विषय म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक भांडवल, श्रम आणि मालकी यांचे परस्परसंबंध या व्यवसायात फार थोड्या अवधीत बदलले आणि म्हणूनच ते येथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतात. गिरणीधंद्यात जे स्थित्यंतर व्हावयास दोन-तीन पिढ्या लागल्या, ते येथे वीस वर्षांत घडून आले.

अमेरिकेत टेक्सास राज्यात वाढीस लागलेली इड सॉफ्टवेअर ही कंपनी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्या तांत्रिक पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र तिच्या स्वातंत्र्याचा आर्थिक पाया कोणता होता आणि तो कसकसा खचत गेला, या प्रश्नाचा विचार केला आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे : जिची मालकी काम करणाऱ्यांच्याच हाती आहे आणि जी निर्मितीसाठी प्रकाशकाच्या पैशावर अवलंबून नाही, अशी कंपनी.

नोकरीतून भागीदारीकडे

लुइझियाना राज्यातील श्रेव्हपोर्ट येथे सॉफ्टडिस्क नावाची कंपनी होती. ती आपल्या वर्गणीदारांना ठरावीक काळाने फ्लॉपीवर छोटे छोटे प्रोग्राम पाठवीत असे. छापील मासिकाऐवजी हे फ्लॉपीचे मासिक होते असे म्हणता येईल. जॉन कारमॅक व जॉन रोमेरो हे प्रोग्रामर, टॉम हॉल हा खेळांची रचना करणारा आणि एड्रियन कारमॅक हा चित्रकार, असे चौघे १९९० मध्ये तेथे नोकरीस होते. (दोन्ही कारमॅकांचे आडनाव एकच असले तरी त्यांच्यात नाते नाही.)

त्या काळी आय.बी.एम. पद्धतीचा वैयक्तिक संगणक हे मुख्यतः कचेरीतील यंत्र होते. निन्टेन्डोच्या खेळयंत्रावर पात्र धावू लागले की मागचे दृश्य जसे सहज सरकत असे, तसे या संगणकावर सरकत नसे. संपूर्ण पडदा पुनःपुन्हा रंगविण्याइतका वेग त्यात नव्हता. जॉन कारमॅकने पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच नव्याने रंगविण्याची युक्ती बसविली. सप्टेंबर १९९० मधील एका रात्रीत त्याने व हॉलने निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळाचा पहिला टप्पा संगणकावर उभा केला. हा नमुना पुढे निन्टेन्डोकडे पाठविण्यात आला. परंतु आपले खेळ दुसऱ्यांच्या यंत्रांवर आणण्यात त्या कंपनीला रस नव्हता. हा नकार या चौघांच्या पथ्यावरच पडला. होकार मिळाला असता तर ते एका मोठ्या कंपनीचे कंत्राटदार होऊन राहिले असते.

याच सुमारास टेक्सासमधील अपोजी या कंपनीचा चालक स्कॉट मिलर याने रोमेरोशी संपर्क साधला. त्याने २,००० डॉलर आगाऊ पाठविले आणि ‘कमांडर कीन’ या खेळाचे काम सुरू झाले. हे काम रात्री आणि सुटीच्या दिवशी चाले आणि त्यासाठी लागणारे संगणक सॉफ्टडिस्कच्या कचेरीतून घरी नेले जात. १४ डिसेंबर १९९० रोजी खेळ बाहेर पडला. त्याचे तीन भाग होते. पहिला भाग कोणीही विनामूल्य घ्यावा, त्याच्या प्रती कराव्यात, मित्रांना द्याव्यात. आवडल्यास उरलेले दोन भाग पैसे पाठवून टपालाने मागवावेत, अशी योजना होती. या पद्धतीस शेअरवेअर म्हणत. पहिल्याच हप्त्यात या मंडळींच्या हाती सुमारे १०,५०० डॉलर आले.

या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. तोपर्यंत खेळ विकावयाचा म्हणजे खोके छापणे, माल साठविणे आणि दुकानातील फळीवर जागा मिळविणे भाग होते. या प्रत्येक पायरीवर प्रकाशक उभा असे आणि निर्मात्याच्या वाट्याला उरलासुरला हिस्सा येई. शेअरवेअरने ही संपूर्ण साखळीच वगळली. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमच्या साहाय्याने बुलेटिन बोर्डाशी जोडलेला प्रत्येक संगणकधारक हा विनावेतन विक्रेता झाला. प्रत काढणे ही एरव्ही चोरी. तिलाच येथे जाहिरातीचे स्वरूप आले. भांडवल नसलेल्या चार नोकरदारांना बाजारात उतरता आले ते मुख्यतः या वितरणव्यवस्थेमुळे. त्यांच्या बुद्धिमत्तेचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. परंतु तशाच बुद्धीचे प्रोग्रामर दहा वर्षांपूर्वीही होते, हे विसरून चालणार नाही.

कचेरीचे संगणक वापरल्याचे उघडकीस आल्यावर सॉफ्टडिस्कशी तडजोड झाली. नोकरी सोडल्यावरही काही काळ सॉफ्टडिस्कला खेळ पुरवीत राहण्याचे या मंडळींनी मान्य केले आणि १ फेब्रुवारी १९९१ रोजी इड सॉफ्टवेअरची स्थापना झाली. हे बंधन वरकरणी जाचक वाटते. तथापि, त्यापोटी केलेले ‘होवरटँक थ्रीडी’ आणि ‘कॅटाकोम्ब थ्रीडी’ (दोन्ही १९९१) हे खेळच पुढील त्रिमिती तंत्राची प्रयोगशाळा ठरले. प्रयोगाचा खर्च जुन्या मालकाने उचलला, असेच म्हणावे लागेल.

उसन्या यंत्रशक्तीवर उभे राहिलेले दृश्य

विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे काही महिने काढून कंपनी १९९२ मध्ये टेक्सासमधील मेस्कीट या डॅलसच्या उपनगरात आली. ५ मे १९९२ रोजी ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी दृश्य पाहण्याचा जो प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला, त्याचे हे पहिले लोकप्रिय उदाहरण होय. त्यामागील युक्ती काटकसरीची होती. नकाशा चौकटीच्या कागदासारखा सपाट. पडद्यावरील प्रत्येक उभ्या रेषेसाठी त्या नकाशावर एक किरण सोडावयाचा, भिंत किती दूर आहे ते मोजावयाचे आणि त्या मानाने रेषेची उंची ठरवावयाची. साहजिकच साऱ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनातल्या. यंत्राच्या दुर्बलतेशी केलेली ही तडजोड होती. परंतु अर्धा डझन माणसांना काही महिन्यांत पुरी करता येईल अशी ती होती.

‘डूम’ या पुढील खेळाच्या वेळी कंपनीने अपोजीचीही मध्यस्थी दूर केली आणि शेअरवेअर प्रत स्वतःच वितरित केली. येथे नकाशाचे आधीच विभाजन करून ठेवण्याची पद्धत वापरली होती, त्यामुळे कोणती भिंत पुढे व कोणती मागे हे ठरविण्याचे बरेचसे श्रम खेळाच्या वेळी संगणकाला करावे लागत नसत. उंचसखल जमीन, तिरप्या भिंती, अंधार-उजेड हे सारे त्यामुळे शक्य झाले. १० डिसेंबर १९९३ रोजी खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढविला गेला, तेव्हा वाट पाहणाऱ्यांच्या गर्दीने तो सर्व्हर कोलमडून पडला. संगणक-खेळांतील हिंसाचारावर अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली ती आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला. त्या सुनावणीत चर्चा दुसऱ्या खेळांची होती. परंतु ‘डूम’वरही हा आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला. जर्मनीत १९९४ मध्ये तो अल्पवयीनांस अपायकारक ठरलेल्या वस्तूंच्या यादीत गेला आणि २०११ पर्यंत तेथे राहिला. रक्तपाताचे चित्रण हे या खेळाचे आकर्षण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकाच जाळ्यावरील अनेक जणांना हा खेळ एकत्र खेळता येई. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संदेश जाळ्यावरील साऱ्याच संगणकांकडे जात असल्याने कचेऱ्यांची व विद्यापीठांची जाळी तुंबू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल कंपनी यांनी त्यावर निर्बंध घातले. विक्रीच्या बाबतीत कंपनीने आणखी एक विलक्षण सवलत दिली : विनामूल्य भाग दुकानदारांनी वाटेल त्या किमतीस विकावा, त्यातील छदामही कंपनी मागणार नाही. एकेकाळी ज्या फळीवर जागा मिळत नव्हती तेथे दुकानदार आता आपण होऊन तो माल मांडू लागले.

खेळाचे चालक यंत्र, म्हणजे इंजिन, आणि त्यातील नकाशे, चित्रे, आवाज हे ‘डूम’मध्ये वेगवेगळ्या फायलींत ठेवले होते. त्यामुळे खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे बनविता आले. अशा उचापतींना मोकळीक द्यावी की नाही याविषयी कंपनीत एकवाक्यता नव्हती. जॉन कारमॅकचा आग्रह मोकळीक देण्याचा होता. नवे नकाशे पैसे देऊन घेतलेल्या प्रतीवरच चालावेत, एवढी अपेक्षा ठेवण्यात आली. याचा अर्थ असा की, हजारो हौशी लोकांच्या विनावेतन श्रमाने कंपनीच्या मालाचे मूल्य वाढत राहिले. मात्र यास निव्वळ शोषण म्हणणे एकांगी होईल. टिम विलिट्ससारखा हौशी नकाशाकार या मार्गाने कंपनीत नोकरीस लागला आणि एक संपूर्ण पिढी या फायली उघडून आपला व्यवसाय शिकली.

भागीदारांची गळती

टॉम हॉलने ‘डूम’साठी कथानक, पात्रे आणि स्थळे यांचा विस्तृत आराखडा लिहिला होता. इतरांना कथेचे ओझे नको होते. ऑगस्ट १९९३ मध्ये, म्हणजे खेळ बाहेर पडण्यापूर्वीच, त्यास कंपनी सोडावी लागली. काम सोडणे म्हणजे मालकीतूनही बाहेर पडणे, असा येथील रिवाज होता. कारागिरांनीच मालक व्हावे या कल्पनेची ही दुसरी बाजू होय. मराठी वाचकास येथे प्रभात फिल्म कंपनीचे स्मरण होईल : एका कंपनीतून बाहेर पडलेल्या कलावंतांची १९२९ मधील भागीदारी आणि १९४२ मध्ये शांतारामबापूंचे जाणे. अशा संस्थांत मतभेद मिटविण्यास वरिष्ठ कोणी नसतो. त्यामुळे मतभेदाची अखेर बहुधा फुटीतच होते.

‘क्वेक’च्या वेळी (२२ जून १९९६) हा पेच अधिक तीव्र झाला. संपूर्ण त्रिमिती इंजिन सिद्ध होण्यास अपेक्षेहून फार वेळ लागला आणि त्यावर विसंबून असलेले रचनाकार खोळंबून राहिले. रोमेरोच्या मनातील निराळ्या धर्तीचा खेळ बाजूस ठेवून अखेर ‘डूम’च्याच वळणाचा खेळ करण्याचे ठरले. ऑगस्ट १९९६ मध्ये रोमेरोही बाहेर पडला. खेळ हे साध्य आणि तंत्र हे साधन, हा क्रम येथे उलटला, असे दिसते. त्याला आर्थिक कारणही होते. रेव्हन या कंपनीने ‘डूम’चे इंजिन घेऊन ‘हेरेटिक’ (१९९४) केला. व्हॉल्व्हने ‘क्वेक’च्या इंजिनावर ‘हाफ-लाइफ’ (१९९८) उभारला. इंजिनाचे परवाने विकून कंपनीला माणसे न वाढविता उत्पन्न मिळत होते.

दरम्यान प्रकाशक मागच्या दाराने परत आला होता. ‘डूम २’ (१९९४) जी.टी. इंटरॅक्टिव्हमार्फत थेट दुकानांत गेला. ‘क्वेक’च्या शेअरवेअर सीडीवर कंपनीचे पूर्ण खेळ कुलूपबंद करून ठेवले होते, पैसे भरल्यावर किल्ली मिळावयाची. ते कुलूप लोकांनी लवकरच फोडले.

खर्चाचे गणित

‘वुल्फेन्स्टाइन’ला सुमारे सहा महिने लागले, ‘डूम’ला साधारण एक वर्ष, तर ‘डूम ३’ला (२००४) चार वर्षे. २००७ मध्ये जाहीर झालेला ‘रेज’ २०११ मध्ये बाहेर पडला. दृश्य जसजसे वास्तवाच्या जवळ गेले तसतसा प्रत्येक भिंतीमागे, प्रत्येक चेहऱ्यामागे चित्रकारांचा अधिकाधिक वेळ खर्ची पडू लागला. १९९१ मध्ये ज्या तंत्राने भांडवलाची उणीव भरून काढली, तेच तंत्र आता भांडवल मागू लागले. २४ जून २००९ रोजी झेनिमॅक्स मीडियाने कंपनी विकत घेतल्याचे जाहीर झाले. जॉन कारमॅक २०१३ मध्ये बाहेर पडला. २०२१ मध्ये झेनिमॅक्सच मायक्रोसॉफ्टकडे गेली. ‘डूम’च्या नावाने खेळ निघत राहिले, ‘डूम : द डार्क एजेस’ मे २०२५ मध्ये आला.

सोर्स कोडची वाट

भागीदारांच्या मालकीच्या काळात एक प्रघात पडला होता. इंजिन जुने झाले की त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला करावयाचा. ‘वुल्फेन्स्टाइन’चा १९९५ मध्ये, ‘डूम’चा १९९७ मध्ये, ‘क्वेक’चा १९९९ मध्ये खुला झाला. झेनिमॅक्सच्या ताब्यात गेल्यावरही २०११ मध्ये ‘डूम ३’चा कोड बाहेर आला, तो कारमॅक तेथे होता म्हणून. ‘रेज’साठी केलेल्या त्यापुढील पिढीच्या इंजिनाचा कोड मात्र खुला झाला नाही.

१९९७ मधील प्रसंग या संदर्भात नोंदविण्यासारखा आहे. ज्या डॉस प्रणालीवर ‘डूम’ जगभर खेळला गेला, तिच्यासाठीचा कोड कंपनीला देता आला नाही. कारण त्यातील आवाजाचा भाग दुसऱ्याकडून घेतलेला होता आणि त्याचा स्वामित्वहक्क कंपनीकडे नव्हता. म्हणून लिनक्सवर चालणारा कोड देण्यात आला. डॉसवर पुन्हा आवाज उमटविण्याचे काम पुढे खेळणाऱ्यांमधील प्रोग्रामरांनीच हाती घेतले आणि काही काळातच ते पुरे केले.