आमच्या घराण्याची गुणवत्ता

माझ्या नातीला कॉलेजातून एक प्रकल्प मिळाला आहे. आमच्या वेळी निबंध असत. निबंध फार तर वडील लिहून देत, प्रकल्पाला सगळं घर कामाला लागतं. विषय होता ‘राजकारण, समता आणि गुणवत्ता : एका कुटुंबातील पिढ्यांची मतं’. आमच्या पिढ्यांपैकी तीन भिंतीवर हारासकट आहेत आणि एक, म्हणजे तिचा बाप, रोज संध्याकाळी हिंजवडीच्या वाहतुकीत असतो. तेव्हा सगळ्यांच्या वतीनं मत देण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडतं.

“आपल्या घरात नोकऱ्या कशा मिळत आल्या, आजोबा?”

“गुणवत्तेवर!” मी म्हणालो. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणालो असेन.

तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “पुरावा?”

आता पुराव्याला आमच्याकडे तोटा नाही. माझे पणजोबा कोल्हापूर दरबारात कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या, असा हुकूम. पणजोबांच्या नोकरीला धक्का लागला नाही, पण त्यांच्या चिरंजीवांसाठी जी जागा जन्मापासून राखून ठेवलेली होती ती गेली. तिला राखीव जागा म्हणायचं नाही बरं का, ‘घरची परंपरा’ म्हणायचं. ‘पन्नास टक्के हो, पन्नास!’ हा आकडा आमच्या घरात रामरक्षेसारखा पाठ होता. दुसरा एक आकडा मात्र कुणी पाठ केला नव्हता. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते.

नातीनं मोबाइलवर हिशेब केला. “साडेचौऱ्याऐंशी टक्के. हे आरक्षण नव्हतं?”

“छे! ती गुणवत्ता.”

महाराजांच्या पागेची गोष्टही आमच्या घरात सांगत. सांगलीचे एक वकील लायकीचा मुद्दा घेऊन महाराजांशी वाद घालायला आले. महाराजांनी त्यांना पागेत नेलं आणि सगळ्या घोड्यांचे हरभरे एकाच जाजमावर ओतायला लावले. धट्टीकट्टी जनावरं पुढे घुसली, शिंगरं आणि आजारी घोडी मागे उभी राहिली. पुढे कधीतरी ही गोष्ट मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तेव्हा मला समजलं, की तिला शेवटही आहे. आमच्या घरच्या आवृत्तीत महाराज वकिलांना पागा दाखवतात आणि वकील चहा घेऊन सांगलीला परत जातात.

आजोबा साताऱ्यास आले आणि तिथे मतदार झाले. त्या काळी मतदार असणं म्हणजे रावबहादुरकीच्या एकच पायरी खाली. १९३७च्या निवडणुकीत अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटी. शेतसारा, प्राप्तिकर, शिक्षण असं काहीतरी पदरी असल्याशिवाय यादीत नाव नाही. आजोबा कोट-पगडी घालून मत देऊन आले. मग आली १९५२ची निवडणूक. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. रांगेत आजोबांच्या पुढे आमच्या शेताचा वाटेकरी उभा. तो सकाळी लवकर आला होता, एवढीच त्याची गुणवत्ता.

त्याच निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकर पडले. नारायण काजरोळकरांनी त्यांना चौदा हजारांवर मतांनी हरवलं. आजोबांनी सगळ्या आळीला गोळा करून विचारलं, “बघा! अडाण्यांच्या हाती मत दिलं की विद्वानाचं काय होतं!” आदल्या आठवड्यापर्यंत याच आजोबांच्या तोंडून आंबेडकरांबद्दल एक चांगला शब्द कुणी ऐकला नव्हता. गुणवत्तेची बाजू मांडायला घटनाकार उपयोगी पडतात हा शोध त्यांना ते पडल्यावर लागला. वडील ही हकिकत हसत सांगत. मीही बरीच वर्षं हसत असे.

वडिलांची पिढी राजकारणाला आधी पुजणारी आणि मग नाक मुरडणारी. १९४२ साली ते प्रभातफेरीत होते. १९७५ साली, आणीबाणीत, गाड्या वेळेवर येतात म्हणून घड्याळ लावत होते. मी वाद घातला. पण फार मोठ्यानं नाही, कारण माझी नोकरी नवी होती.

“ती कशी लागली?” नात विषय सोडत नाही.

१९७२ साली मी बँकेत लागलो. लेखी परीक्षा दिली होती. ती शेकडो जणांनी दिली होती. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी वडील एका गृहस्थांकडे ‘सहज’ जाऊन आले. बरोबर दोन किलो कंदी पेढे होते. साताऱ्याचा माणूस रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाही, ही संस्कृती झाली.

ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाची घोषणा झाली तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ‘गुणवत्तेचं काय?’ ते छापून आलं. अजून कात्रण आहे. पुढे १९९४ साली चिरंजीव बारावी झाले. इंजिनिअरिंगच्या यादीत त्यांचं नाव कुठेच लागेना. पण आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ ठरवल्या होत्या. पुन्हा पन्नास टक्के! जो आकडा पणजोबांना झोपू देत नसे तो आमच्या मदतीला धावून आला. सौभाग्यवतींच्या पाटल्या गेल्या, चिरंजीव आत गेले. हॉस्टेलवरचा त्यांचा जोडीदार राखीव जागेवर आलेला, उसाच्या फडातल्या मजुराचा मुलगा. त्याला बारावीला आमच्या चिरंजीवांपेक्षा अकरा गुण जास्त होते. हे मला चार वर्षांनी कळलं. तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं नाही.

नातीनं ते सगळं उतरवून घेतलं आणि वर माहितीही दिली. ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द मायकल यंग नावाच्या इंग्रजानं १९५८ साली एका पुस्तकातून प्रचारात आणला, तोही थट्टेनं. त्याचं सूत्र असं : बुद्ध्यांक अधिक परिश्रम म्हणजे गुणवत्ता. लोकांनी शब्द उचलला, थट्टा तिथेच ठेवली. शेवटी २००१ साली म्हाताऱ्यानं वर्तमानपत्रात तक्रार केली, की पंतप्रधान ब्लेअर हा शब्द कौतुकानं वापरतात, तो त्यांनी टाकून द्यावा.

“त्याच्या सूत्रात पेढे नाहीत, आजोबा,” ती म्हणाली.

मी विषय बदलून माझ्या आजीवर आणला. त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे त्या नाव सांगेनात, म्हणून. हे बहुतेक उत्तरेकडे. आमच्या आजीची अडचण उलटी होती. स्वतःचं नाव तिनं ठणकावून सांगितलं, पण पतीचं नाव विचारल्यावर ती गप्प. मागे रांग खोळंबली. अखेर पदर सावरून तिनं टेबलासमोर उखाणा घेतला : “मताच्या पेटीला मोठ्ठं कुलूप, रांगेत सगळ्यांचं सारखंच रूप, …रावांचं नाव घेते, साहेब, पेटी दाखवा गुपचूप.”

“मत कुणाला दिलं तिनं?”

आजोबांनी तिला कोणत्या चिन्हाच्या पेटीत टाकायचं ते घरी नीट पढवून पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “कुठं टाकलंस?” आजी म्हणाली, “गुप्त असतं म्हणे.” आजोबा मॅट्रिक, आजीला सहीसुद्धा येत नव्हती. १९६८ साली ते गेले, तोवर अधूनमधून विचारत राहिले. त्यांच्यामागे मीही एकदा विचारून पाहिलं. तेव्हा मी अठरा वर्षांचा, आणि मतदानाचं वय एकवीस होतं. “मतदार झालास की ये,” ती म्हणाली. मी एकवीसचा होईतो ती थांबली नाही.

नातीनं त्या रकान्यात एक रेघ मारली.