कुठल्या मेळ्यापुढे थांबायचं?

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत कुठे काय बघायचं याची यादी आमच्या एकलहऱ्यातही मोबाइलवर फिरते. एका मंडपात ऑर्केस्ट्रा, दुसऱ्यात एकांकिका, कुठे भारूड. नाशिकला जायचं तर देखावे. वीज केंद्राची वसाहत असल्याने पुष्कळदा ड्युटीची पाळीच निवड करून टाकते. मी सॉफ्टवेअरवाला, दोन कार्यक्रम एकाच वेळी आले की मला तो वेळापत्रकाचा प्रश्न वाटतो. या उत्सवाच्या पहिल्या तीसेक वर्षांत मात्र तुम्ही कोणापुढे थांबता यावरून तुम्ही कोणाचे, हे ठरत होतं.

सुरुवातच तशी झाली. पुण्यातले हिंदू 1893 पर्यंत मोहरमच्या ताबुतांत हौसेने भाग घेत. त्या वर्षीच्या दंगलींनंतर, 1894 मध्ये, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणपतीचा उत्सव मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणला आणि ताबुतांकडे पाठ फिरवा असा प्रचार झाला. पण लोकांनी जायचं कुठे? वर्षातून एकदा मिळणारी फुकटची करमणूक कोणी सहज सोडत नाही. त्या जागी मेळे आले. एकसारखे पोशाख घातलेली मुलं तालावर पावलं टाकत पदं म्हणत एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जात. हा साचा बराचसा मोहरमच्या टोळ्यांचाच होता, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात बोलकं वाटतं. तमाशबीन तेच, रस्ते तेच, फक्त उत्सव बदलला.

नाशिकमध्ये 1900 च्या सुमारास सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांचा मित्रमेळा सुरू झाला. दर्शनी रूप उत्सवांत पदं गाणाऱ्या मंडळींचं, आतून गुप्त संघटना. त्यांचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते आणि आधी लावण्या रचत. लावणीची चाल ज्यांच्या कानात होती त्यांना ही पदं लगेच पाठ झाली असणार. पदांची ताकद सरकारनेही ओळखली. जून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांचं पुस्तक छापल्याबद्दल. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर मेळ्यांवर निर्बंध आले, आणि 1910 मध्ये ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. काय बघायचं याच्या यादीवर आता सरकारचीही कात्री होती.

सगळ्यात तीव्र निवड मात्र 1920 नंतर पुण्यात आली. केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1922 मध्ये छत्रपती मेळा काढला. ब्राह्मणेतर चळवळीचा हा मेळा ब्राह्मणी वर्चस्वावर, टिळकांवरही, पदांतून तुटून पडे. समोर जुना सन्मित्र समाज मेळा होता. गल्लीत दोन्हींची पदं ऐकू येत असताना तुम्ही कुठे रेंगाळलात हे शेजारी बघत असणारच. दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक 1925 चं, याच तापलेल्या वातावरणातलं. त्यावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात आरोपींची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडून त्यांना सोडवलं.

यानंतरचा प्रसंग मला या इतिहासाचा गाभा वाटतो. 1927 च्या गणेशोत्सवात, खुद्द टिळकांच्या गायकवाड वाड्यात, टिळकांचे चिरंजीव रामभाऊ आणि श्रीधरपंत यांनी अस्पृश्य मुलांच्या श्रीकृष्ण मेळ्याला बोलावलं. केसरीच्या विश्वस्तांचा याला कडवा विरोध होता. तो न जुमानता मेळा वाड्यात गेला आणि त्याचा कार्यक्रम झाला. आपण आवडीनिवडीविषयी बोलतो तेव्हा प्रेक्षकाचाच विचार करतो. इथे भांडण मांडवाच्या दुसऱ्या बाजूचं होतं: कोणाला गाऊ द्यायचं? ज्या मेळ्याला दारातच अडवलं, तो बघायचा की नाही हे प्रेक्षकाने ठरवण्याची वेळच येत नाही. श्रीधरपंतांनी पुढच्या वर्षी समाज समता संघाची पुण्यातली शाखा काढली आणि 25 मे 1928 रोजी आत्महत्या केली. घरातल्या आणि ट्रस्टच्या वादांनी ते पिचले होते.

काहींनी मग मांडवच वेगळा घातला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, त्याच काळात नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक जलसा घेऊन फिरू लागले. ढाचा तमाशाचा, विषय शिक्षणाचा, सार्वजनिक पाण्याचा आणि देवळाच्या दाराचा. या जलशाला कोणत्या वाड्याच्या विश्वस्तांची परवानगी लागत नव्हती; लोक चालत येत.

स्वातंत्र्यानंतर मेळे ओसरले. लाउडस्पीकर आला, त्यावर सिनेमाची गाणी आली, आणि तालमी घेऊन पदं बसवण्याची गरज मंडळांना उरली नाही. कर्डकांनी जलशांची हकिकत ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली. ते आलं 1978 मध्ये. तेव्हा काळारामापासून थोड्याच अंतरावर, एकलहऱ्याला, 210 मेगावॅटच्या पहिल्या संचाचं काम चालू होतं.