बऱ्हाणपूरचे भूमिगत पाणी

बऱ्हाणपूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा लढायांच्या संदर्भात. १६०१ साली अकबराने जवळचा असीरगड घेतला, १६३१ साली मुमताजमहल येथे निवर्तली, १७६० साली उदगीरच्या विजयानंतर हे शहर मराठ्यांकडे आले, इतके विद्यार्थ्यांस पाठ असते. परंतु एवढे मोठे लष्करी ठाणे आणि त्यातील विणकर-रंगारी पाणी कोठले पीत होते, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

तापी शहराला लागूनच वाहते. पण वेढ्याच्या काळी नदीवर विसंबणे धोक्याचे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येते. अब्दुर्रहीम खानखानानच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, ते वाटेतच अडवण्यात आले. विहिरींसारख्या गोल कुंड्या ओळीने खणून तळाशी त्या बोगद्याने जोडल्या. बोगद्यास उतार असा दिला की पाणी आपल्याच भाराने वाहत जाळी करंज या हौदात यावे व तेथून नळांनी शहरभर फिरावे. मोट नाही, रहाट नाही. इराणात हिला कनात म्हणतात. तंबूच्या कनातीशी तिची गल्लत करू नये. त्याच काळात मलिक अंबरानेही खडकीस नहर आणली. रणांगणावरचे हे दोन वैरी पाण्याच्या बाबतीत एकाच विद्येचे उपासक होते!

या कामाचा कर्ता म्हणून ‘तबकुतुल अर्ज’ नामक इराणी तज्ज्ञाचा उल्लेख सर्रास केला जातो. आम्हांस शंका आहे. अरबीत ‘तबकातुल अर्ज’ म्हणजे पृथ्वीचे थर, म्हणजेच भूस्तरशास्त्र. शास्त्राच्या नावाचाच पुढे माणूस झाला असावा. ‘कुंडी भंडारा’चा लोकांच्या तोंडी ‘खूनी भंडारा’ झाला, तसाच हा प्रकार. सुमारे ८० फूट खाली, अंधारात, ज्यांनी उताराचे गणित साधले, ते खणणारे मात्र अनामच राहिले.

२०२४ साली खूनी भंडारा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. वार्ता आनंदाची खरी. परंतु बोगद्याच्या भिंतींवर चुन्याची पुटे चढून वाट अरुंद होत आहे, आणि कूपनलिका तेच भूजल उपसत आहेत. किल्ल्याचे जतन करावयाचे तर तट-बुरूज सांभाळावे लागतात. येथे सांभाळावयाचे आहे ते मुरणारे पाणी. आणि ते कुंड्यांच्या बरेच वरच्या बाजूस, डोंगरउतारावर आणि शेतकऱ्यांच्या जमिनींत मुरते.