उत्तर कळल्यावर सगळंच सोपं वाटतं

डायलिसिसच्या काही रुग्णांच्या हातात त्वचेखाली एक पांढरी, मऊ नळी बसवलेली असते. रुग्णाच्या स्वतःच्या शिरा पुरेशा चांगल्या नसतील, तर धमनी आणि शीर जोडायला सर्जन ही नळी वापरतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. यातल्या बऱ्याच नळ्या ताणलेल्या टेफ्लॉनच्या असतात. गोअर-टेक्सच्या पावसाळी जाकिटात कापडाला चिकटवलेला पातळ थरही मुळात याच पदार्थाचा.

हा पदार्थ कुणालाही सहज सुचला असता का? यावर अमेरिकेत मोठा खटला झाला.

टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना योगायोगानं लागला. पुढे ते ताणायचे प्रयत्न झाले, पण कांडी तुटायची. म्हणून हळूहळू ताणा, असाच जाणकारांचा सल्ला होता. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी नेमकं उलट केलं. तापवलेली कांडी त्यांनी एकदम जोरात खेचली. ती तुटली नाही, जवळजवळ दहापट लांब झाली! आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. त्यातून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही.

गोअर कंपनीनं पेटंट घेतलं आणि १९७९ मध्ये गारलॉक कंपनीवर दावा लावला. गारलॉकचं म्हणणं असं, की जुनी माहिती एकत्र केली तर हे उघडच होतं. ओहायोतल्या न्यायालयाला ते पटलं आणि पेटंट रद्द ठरली. १९८३ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल बराचसा फिरवला. वादातला एक दावा रद्दच राहिला. पण मुख्य मुद्दा असा मांडला गेला: शोध समोर ठेवून मागे पाहू नका, त्या काळच्या जाणकाराच्या जागी उभे राहा. सगळे एक सांगत असताना कुणी उलट वाट धरून यशस्वी झाला, तर ते ‘उघड’ कसं?

तुम्हाला ही गोष्ट सांगण्याचं कारण आहे. चौथ्या दिवशी प्लेटलेट्स घसरतात, डेंग्यूचं निदान होतं, आणि घरचे स्वतःला दोष देतात: पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं! पण पहिल्या दिवशी फ्लू, टायफॉइड, डेंग्यू, सगळ्यांचा ताप सारखाच दिसू शकतो. यालाच पश्चातबुद्धी म्हणतात.

याचा अर्थ चूक कुणाचीच नसते असा नाही. प्रश्न विचाराच, पण असा: त्या दिवशी काय दिसत होतं, आणि त्यावरून काय करायला हवं होतं? त्यासाठी लक्षणं तारखेनिशी लिहून ठेवा. ताप उतरल्यावरही पोटात जोरात दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा रक्तस्राव झाला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.